न दिसणारे फासे

वऱ्हाडात जुगार काही मोबाईलच्या पाठीवर बसून आला नाही. पोळ्याचे बैल घरी परतले की गावाबाहेरच्या गोठ्यात सतरंजी अंथरली जाते, हे पोलीस पाटलालाही ठाऊक असते आणि त्याच्या भावालाही. तीन पत्ती, एक्का-बादशहा, मांगपत्ता, यवतमाळ-चंद्रपूरकडचा कोंबडबाजार आणि बारमाही चालणारी सट्टापट्टी ही नावे आपल्या कानांना सरावाची आहेत. त्यांच्यापायी वावरे गहाण पडली, लेकीबाळींच्या अंगावरचे दागिने सराफाकडे गेले, सोयरिकी मोडल्या. तेव्हा, "आता पोट्टे मोबाईलवर खेळतात, त्यात नवीन ते काय?" असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे.

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट पाहणारा तरुण मोबाईलवर बोट फिरवीत बसलेला असतो. तो सोयाबीनचा भाव पाहतो आहे, नोकरभरतीची जाहिरात वाचतो आहे की डाव खेळतो आहे, हे त्याच्या शेजारी बसलेल्या बापालाही कळत नाही. सतरंजीवरचा जुगारी निदान घराबाहेर जात असे. तो रात्री उशिरा आला की घरच्यांना उमगत असे. आताचा जुगारी घरातच असतो, जेवणाच्या ताटावर असतो, फवारणीच्या पंपाला टेकून बसलेला असतो. फरकाची ही झाली पहिली खूण. परंतु खरा फरक याहून खोल आहे आणि तो फसवणुकीच्या स्वरूपात आहे.

कापूस आणि आकडा

आपल्या भागाचे आणि जुगाराचे एक नाते फार थोड्यांना आठवत असेल. ज्याला आपण मटका किंवा वरली म्हणतो, त्याचा जन्मच मुळी कापसातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला मिटला, हे आकडे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्यांच्यावर पैसे लावले जात. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ साली न्यूयॉर्कहून येणारे आकडे बंद झाले, तेव्हा मुंबईच्या सटोडियांपुढे प्रश्न पडला की आता पैसे लावायचे कशावर? त्यातून १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका उभा राहिला. चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला.

यातली मेख ध्यानात घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्कचा भाव मुंबईतल्या बुकीच्या हातात नव्हता. आकडा कोणी फिरवू शकत नव्हते, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास होता. आकडा मुंबईतच काढायचा ठरल्यावर हा विश्वास आपोआप उरणार नव्हता. म्हणूनच मटका चालविणाऱ्यांना आकडा लोकांसमक्ष काढण्याचा देखावा करावा लागे. खत्री तर समोरच्या माणसालाच पत्ता काढायला सांगत असे, अशी आठवण जुने लोक सांगतात. म्हणजे गुन्हेगारी धंद्यालासुद्धा आपला फासा चारचौघांना दाखवावा लागत होता. जुगाराच्या इतिहासातील हा साधा नियम आहे: फासा दिसला पाहिजे.

गोठ्यातल्या सतरंजीचेही तेच. तिथे लबाडी नव्हती असे नाही. खुणेचा पत्ता, बाहीतला एक्का, दोघांचे संगनमत हे सारे होते. परंतु पाच जणांच्या दहा डोळ्यांसमोर ते करावे लागे आणि पकडला गेला तर त्याच गावात पुन्हा तोंड दाखवावे लागे. डाव चालविणारा 'नाल' घेई, पण ती किती आहे हे सगळ्यांना माहीत असे. हरणाऱ्याला निदान आपण कोणाशी हरलो एवढे कळत असे.

मोबाईलवरच्या खेळात या तिन्ही गोष्टी गेल्या. फासा दिसत नाही, समोरचा खेळाडू दिसत नाही आणि नाल किती कापली जाते याचा हिशोब कोणी करीत नाही.

नालीचा हिशोब

हा शेवटचा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. समजा, पाच जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. एकूण रक्कम ५,००० रुपये. दर डावाला प्रत्येकाने १०० रुपये लावले तर डाव ५०० रुपयांचा होतो. त्यातून शेकडा दहा टक्के नाल धरली तर डावामागे ५० रुपये चालविणाऱ्याकडे जातात. शंभर डाव झाले की ५० गुणिले १००, म्हणजे ५,००० रुपये. पाचही जणांचे पैसे संपले आणि जिंकले कोणीच नाही! सतरंजीवर पत्ते पिसायला, वाटायला, वाद घालायला वेळ लागतो. शंभर डाव व्हायला दोन-तीन बैठका लागतील. मोबाईलवर तीन मिनिटांत एक डाव उरकतो. शंभर डावांना लागतात पाच तास, म्हणजे एकच रात्र. इथे कोणी लबाडी केलेली नाही, हे लक्षात घ्यावे. खेळ स्वच्छ असूनही ही गत, तर अस्वच्छ खेळात काय होत असेल?

समोर कोण बसले आहे?

त्याची दोन उदाहरणे जगाच्या अनुभवातून देता येतील. १९९९ साली अमेरिकेत पोकर हा पत्त्यांचा खेळ नुकताच इंटरनेटवर आला होता. एका कंपनीने आपले पत्ते किती प्रामाणिकपणे पिसले जातात हे दाखविण्यासाठी पिसण्याची संगणकी रीतच जाहीर करून टाकली. काही संगणकतज्ज्ञांनी ती तपासली. बावन्न पत्त्यांची मांडणी जितक्या प्रकारे होऊ शकते ती संख्या आठावर सदुसष्ट शून्ये देण्याइतकी प्रचंड आहे. परंतु या कंपनीचे यंत्र मध्यरात्रीपासून किती सहस्रांश सेकंद झाले, या आकड्यावरून पत्ते पिसत होते. दिवसाचे सहस्रांश सेकंद होतात अवघे ८ कोटी ६४ लाख. घड्याळ जुळवून घेतले तर शक्यता उरल्या दोन लाखांच्या आसपास आणि एवढ्या तर साधा संगणकही क्षणात तपासतो. आपले पत्ते आणि टेबलावरचे उघडे पत्ते पाहून बाकीच्यांच्या हातात काय आहे, हे त्या तज्ज्ञांनी सांगून दाखविले. कंपनीची लबाडी नव्हती, अडाणीपणा होता. पण रीत जाहीर होती म्हणूनच तो उघडकीस आला, हे विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण लबाडीचे आहे. 'अल्टिमेट बेट' या पोकरच्या संकेतस्थळावर काही खात्यांना सर्व खेळाडूंचे झाकलेले पत्ते दिसत होते. ती करामत बाहेरच्या चोराची नव्हती, आतल्या माणसांची होती. २००८ साली हे प्रकरण बाहेर आले. खेळाच्या नियामक मंडळाने ज्याच्यावर मुख्य ठपका ठेवला तो रस हॅमिल्टन १९९४ सालचा पोकरचा जगज्जेता होता! खेळाडूंना परत कराव्या लागलेल्या रकमेचा आकडा २ कोटी २० लाख डॉलरांच्या पुढे गेला. ही चोरी पोलिसांनी पकडली नाही. हरलेल्या खेळाडूंनी हजारो डावांच्या नोंदी जमवून हिशोब मांडला आणि 'इतके कोणी जिंकूच शकत नाही' हे गणिताने दाखवून दिले.

आपल्याकडे काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने 'विन्झो' या खेळ-कंपनीवर छापे घातले आणि तिच्या संस्थापकांना अटक केली. ग्राहकाला आपण दुसऱ्या माणसाशी खेळतो आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात त्याला संगणकाच्या आज्ञावलीशी खेळविले जात होते, असा संचालनालयाचा आरोप आहे. आरोप हा आरोपच असतो आणि त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा. परंतु मोबाईलवर खेळणाऱ्या माणसाकडे हा आरोप खरा की खोटा हे पडताळण्याचे कोणते साधन होते? काहीच नाही. समोर 'राहुल' हे नाव आणि एका तरुणाचा फोटो दिसत होता, एवढेच. तो राहुल माणूस आहे की यंत्र, एकटा आहे की तिघे मित्र शेजारी बसून एकमेकांना पत्ते दाखवीत खेळत आहेत, हे ओळखायचे कसे?

दिसते त्यावर विश्वास ठेवण्याची माणसाची सवय किती महागात पडते, याचा एक नमुना जुलै २०२२ मध्ये गुजरातेत सापडला. मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावी एका शेतात क्रिकेटचे मैदान आखून खोटी 'आयपीएल' भरविण्यात आली होती. शेतमजूर आणि बेकार पोरे सामन्यामागे ४०० रुपये रोजाने वेगवेगळ्या संघांचे कपडे घालून खेळत होती. एक नकलाकार हर्षा भोगले यांच्या आवाजात समालोचन करी. चौकार कधी मारायचा आणि बाद कधी व्हायचे, हे पंचाला वॉकीटॉकीवरून सांगितले जाई. रशियातले लोक हे सामने खरे मानून त्यावर पैसे लावीत होते! आपण हसतो. परंतु रशियातल्या त्या माणसाची आणि आपल्या तालुक्यातल्या तरुणाची स्थिती एकच आहे. दोघांनाही फक्त पडदा दिसतो.

अठ्ठावन्न कोटींचा धडा

विदर्भात या प्रकाराने खळबळ उडविली ती जुलै २०२३ मध्ये. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गोंदियाच्या एका बुकीने त्याला या मार्गाला लावले. आधी आठ लाख रुपये हवालामार्गे भरले गेले, व्हॉट्सॲपवर एक दुवा आला, त्यात खाते उघडले तर आठ लाख जमा दिसले. सुरुवातीला व्यापारी जिंकत गेला. सुमारे ५ कोटी जिंकला आणि मग हरत, हरत ५८ कोटींपर्यंत घसरला. पैसे परत मागितले तेव्हा नकार मिळाला. पोलिसांनी गोंदियाला छापा घातला तर १४ कोटींच्या वर रोकड, सोन्याची बिस्किटे आणि चांदीचा ढीग सापडला. आरोपी तोवर दुबईकडे निसटल्याचे सांगण्यात आले.

एवढ्या मोठ्या आकड्याने आपण दिपून जातो आणि 'व्यापाऱ्याचे गेले, आपल्याला काय' म्हणून पान उलटतो. वास्तविक या प्रकरणाचा सांगाडा पाहिला तर पाच हजार घालविणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराची गोष्टही अशीच असते. ओळखीचा माणूस खेळाची वाट दाखवितो. खात्यावर आकडा दिसतो, पण तो पैसा नसतो, पडद्यावरचा आकडा असतो. प्रथम जिंकविले जाते. ५ कोटींचा विजय ही त्या व्यापाऱ्याला मिळालेली कमाई नव्हती, तो गळाला लावलेला गांडूळ होता. हजार रुपयांवर पाचशे जिंकून ते खरोखर बँकेत जमा झाले की आपला पोरगाही असाच गळाला लागतो. त्या पाचशे रुपयांची कथा तो चार मित्रांना सांगतो आणि नकळत कंपनीचा फुकटचा जाहिरातदार बनतो.

शेजारच्या छत्तीसगडमधल्या भिलाईतून उभे राहिलेले 'महादेव बुक' हे याच धंद्याचे घाऊक रूप. मुख्य सूत्रे दुबईत आणि गावोगावी शाखा, अशी त्याची रचना असल्याचे तपास यंत्रणांनी सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ते बंद केले. सट्टापट्टी लिहिणाऱ्याची जागा घेणारा हा नवा शाखावाला शिकलेला आहे, संगणक जाणतो आणि बहुधा गावातलाच असतो.

पोरांचे 'डायमंड'

ज्यात पैसे लावायचे नसतात अशा खेळांचे काय, असे पालक विचारतील. फ्री फायर, बॅटलग्राउंड्स हे बंदुकीचे खेळ फुकट असतात. शंभराच्या आत-बाहेर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटचा उरतो तो जिंकतो. २०२० मध्ये पब्जीवर आणि २०२२ मध्ये मूळ फ्री फायरवर बंदी आली, परंतु त्यांची भावंडे वेगळ्या नावांनी पुन्हा नांदू लागली. हे खेळ जुगार नव्हेत. फसवणूक त्यांच्या आजूबाजूला होते.

या खेळांत पोशाख, बंदुकीचे रंग असे काहीबाही विकत घेता येते आणि त्यासाठी 'डायमंड' किंवा 'यूसी' नावाचे त्या खेळातले चलन लागते. दहावीतल्या पोराला हे डायमंड हवे असतात आणि खिशात पैसे नसतात. कोणीतरी दुवा पाठवितो, 'इथे माहिती भरा, फुकट डायमंड मिळतील.' माहिती म्हणजे खात्याचे नाव, गुपित शब्द आणि मोबाईलवर आलेला ओटीपी. मोबाईल बहुधा बापाचा असतो आणि त्याच नंबरावर बँकेचे खाते जोडलेले असते. दुसरा प्रकार खेळाचे मुरलेले खाते, म्हणजे 'आयडी', विकण्याचा. घेणारा दोन-तीन हजार रुपये पाठवितो, आयडी मिळतो आणि चार दिवसांनी मूळ मालक 'गुपित शब्द विसरलो' असे कळवून तोच आयडी परत आपल्याकडे वळवून घेतो. अशी विक्री कंपनीच्याच नियमांत बसत नसल्याने दाद कुठे मागायची? तिसरा प्रकार सर्वांत बोलका आहे. भिंतीपलीकडचा शत्रू दिसावा, नेम चुकू नये म्हणून पोरे 'हॅक' शोधतात. ती फाईल मोबाईलवर चढविली की तीच मोबाईलमधले संदेश वाचू लागते. दुसऱ्याला फसवायला निघालेला स्वतःच फसतो आणि म्हणून घरी सांगत नाही.

याहून गंभीर धोका ओळख वाढविणाऱ्यांचा. खेळताना बोलता येते, अनोळखी माणूस कौतुक करतो, डायमंड भेट देतो आणि मग फोटो मागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात एका नामवंत नटाने आपल्याच घरात घडलेला असा प्रकार जाहीरपणे सांगितला. त्याच्या लेकीने खेळ तिथेच बंद केला आणि आईला सांगितले, म्हणून पुढचे टळले. हे सांगण्याइतका मोकळेपणा आपल्या किती घरांतून आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कौशल्य, नशीब आणि अर्धवट वाचलेला निकाल

मग कायदा काय करीत होता? कायदा गेली साठ-सत्तर वर्षे एकाच प्रश्नात गुंतला होता: खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १९५० च्या दशकात वर्तमानपत्री कोड्यांवर मोठमोठी बक्षिसे लावली जात. त्यांना आवर घालण्यासाठी १९५५ चा कायदा आला आणि महिन्याच्या बक्षिसांवर अवघ्या हजार रुपयांची मर्यादा घालण्यात आली! १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार नव्हेच, असे बजावले. मात्र कौशल्याच्या स्पर्धांना त्यातून वेगळे काढले. १९६८ साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला, कारण पडलेले पत्ते ध्यानात ठेवावे लागतात. रमीच्या कंपन्या याच निकालाची ढाल करीत आल्या. परंतु त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले होते की जागेचा मालक या खेळातून नफा कमावीत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा होऊ शकतो. निकालाचा हा उत्तरार्ध जाहिरातीत कधी वाचायला मिळाला नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही 'ड्रीम इलेव्हन'चा खेळ जुगार नसल्याचा निर्वाळा दिला.

कौशल्य की नशीब, हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. पत्ते कोणी पिसले, ते कोणाला दिसतात आणि पिसणे तपासण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधी ठरले पाहिजे. सतरंजीवर हा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण पत्ते सर्वांसमक्ष पिसले जात. १९६८ च्या न्यायमूर्तींपुढेही तो नव्हता. मोबाईलवर मात्र तोच पहिला प्रश्न आहे आणि तोच कोणी विचारला नाही. खेळाडू कितीही कुशल असला तरी समोर यंत्र असेल किंवा आपले पत्ते दुसऱ्याला दिसत असतील, तर त्याचे कौशल्य काय कामाचे?

राज्यात या विषयाची चर्चा झाली ती मात्र माणसांवरून. ऑगस्ट २०२३ मध्ये अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी ऑनलाइन खेळाच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतील घरासमोर आंदोलन केले. पुढच्याच ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने मोबाईलवर संघ लावून दीड कोटी रुपये जिंकले आणि तो निलंबित झाला. निलंबनापेक्षा त्याचे दीड कोटीच लोकांच्या ध्यानात राहिले. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेत मोबाईलवर रमी उघडलेली चित्रफीत फिरली. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला खेळ बंद करीत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. महिनाअखेर त्यांचे कृषी खाते काढून घेण्यात आले. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या वऱ्हाडाला ती चित्रफीत का झोंबली, हे वेगळे सांगायला नको.

अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. विधेयक लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ तारखेला संमत झाले आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ चालविण्यास मनाई झाली. चालविणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला जवळपास २०,००० कोटी रुपये या खेळांत गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या, क्रिकेट संघाच्या छातीवरचे तिचे नाव उतरले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या.

बंदीनंतरचे काम

बंदीचे स्वागत करूनही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या कंपन्यांचा पत्ता होता, ज्या कर भरीत होत्या, ज्यांच्या दारात निदान नोटीस लावता येत होती, त्या बंद झाल्या. 'महादेव' आणि गोंदियाच्या नमुन्याचे धंदे बंदीपूर्वीही बेकायदाच होते, त्यांना नव्या कायद्याची काय भीती? ज्याला सवय जडली आहे तो आता अशा ठिकाणी जाईल जिथे फासा तर दिसत नाहीच, पण फासेवालाही दिसत नाही. म्हणून तालुक्याच्या पातळीवरची तीन कामे बंदीपेक्षा कमी महत्त्वाची नाहीत.

पहिले काम भाड्याच्या खात्यांचे. या धंद्याचा पैसा हवेतून दुबईला जात नाही. तो कोणाच्या तरी बँक खात्यातून जातो आणि ते खाते बहुधा एखाद्या कॉलेजकुमाराचे किंवा मजुराचे असते. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड पाच-दहा हजारांना देऊन टाकायचे, यात पोरांना काही गैर वाटत नाही. पोलीस माग काढीत येतात ते सर्वप्रथम याच खातेदाराच्या दारात. आपले खाते दुसऱ्याला वापरायला देणे म्हणजे आपली सही केलेला कोरा कागद देणे आहे, हे प्रत्येक महाविद्यालयात सांगितले गेले पाहिजे.

दुसरे काम वेळेचे. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर फोन केला तर बँकांना कळवून रक्कम पुढच्या खात्यात अडविता येते. तासाभरात केलेला फोन आणि आठवड्याने दिलेला अर्ज यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. फोन करायचा तर बापाला कळेल, पोलीस 'तूच जुगार खेळलास' म्हणतील, या भीतीने पोरगा गप्प बसतो आणि गेलेले भरून काढण्यासाठी आणखी पैसे लावतो. २०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तो फसवला गेलेला मानला आहे, ही बाब ठाणेदारांनी ठाण्याच्या पाटीवर लिहून ठेवावी.

तिसरे काम सर्वांत अवघड, ते घरातले. हरलेला माणूस पैशाने मरत नाही, लाजेने मरतो. चुकाऱ्याचे पैसे, बहिणीच्या लग्नाचे, पीककर्जाचे पैसे गेले हे सांगण्यापेक्षा विहीर जवळची वाटते, इतकी ही लाज मोठी असते. ती कमी करणे कोणत्याही कायद्याला जमणारे नाही.

ऋग्वेदातल्या एका सूक्तात फाशांच्या नादाने घर उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याला, फासे सोड आणि शेती कर, असा उपदेश केलेला आहे. तो उपदेश आजही बरोबर आहे, पण वऱ्हाडातल्या तरुणाला तो ऐकवताना थोडा संकोच वाटतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि बाजारात माल त्याहून कितीतरी खाली विकावा लागला. पाऊस पडेल का, पडला तर थांबेल का, भाव मिळेल का, हा सारा डाव तो दरवर्षी खेळतोच आहे. शेतीच जिथे जुगार झाली तिथे मोबाईलवरचा जुगार त्याला निदान झटपट वाटतो. त्याला नुसता दोष देऊन भागणार नाही.

याच भूमीशी जोडलेली दुसरी कथा महाभारतात आहे. विदर्भराजाची कन्या दमयंती, जिचे कुंडिनपूर आपण वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर मानतो. तिचा पती नळ फाशांत राज्य हरला, तेव्हा मंत्री आणि प्रजा दारात येऊन थांब म्हणत होती, पण त्याने ऐकले नाही. त्याला ठाऊक नव्हते की द्वापर त्या फाशांतच शिरून बसला होता. पुढे ऋतुपर्ण राजाकडून फाशांचे गणित शिकल्यावरच नळाच्या अंगातला कली बाहेर पडला. नळ नंतर पुन्हा खेळला आणि जिंकला, हा भाग आजच्या खेळाडूने नक्कल करण्याजोगा नाही, कारण नळासमोर फासे तरी होते. घेण्यासारखा भाग दमयंतीचा आहे. डाव हाताबाहेर जातो आहे हे दिसताच तिने नवऱ्याशी भांडण्यात वेळ घालविला नाही. लेकरांना रथात घालून तिने माहेरी विदर्भात धाडले. जे वाचविता येते ते आधी वाचविले. आपल्या घरातल्या मोबाईलकडे पाहताना एवढे भान ठेवले तरी पुष्कळ होईल.